निसर्गाची दौलत आणि तिची प्रतवारी

राधानगरीहून दाजीपुराकडे अथवा मलकापुराहून विशाळगडाकडे ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांच्या दृष्टीस घाटमाथ्यावरचे विस्तीर्ण सडे खात्रीनें पडले असतील. तांबूस रंगाचा, मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असा जांभा दगड तेथें दूरवर उघडा पडलेला दिसतो. पावसाळ्यांत त्यावर गवत आणि रानफुलें डोलतात. उन्हाळा लागला म्हणजे तोच माळ तव्यासारखा तापतो. ह्या माळाची किंमत काय, असें आपण निरनिराळ्या माणसांस विचारूं लागलों, तर उत्तरें मोठीं चमत्कारिक येतील. शेतकरी म्हणेल, येथें नांगराचा फाळ शिरत नाहीं, ही जमीन कवडीमोल. गवंडी म्हणेल, ही तर चिऱ्यांची खाण. दीडदोनशें वर्षांपूर्वींचा लोखंड गाळणारा धावड भेटता, तर त्यानें ह्याच दगडांत आपली भाकरी दाखविली असती. आणि आजचा रसायनशास्त्रज्ञ म्हणेल, ह्या सड्याच्या पोटांत अ‍ॅल्युमिनियम आहे. दगड एकच, उत्तरें चार. ह्यांतलें खरें कोणतें?

माझ्या मतें चारी उत्तरें खरीं आहेत, आणि तीं एकाच वेळीं खरीं असूं शकतात ह्यांतच आजच्या विषयाचें मर्म आहे. निसर्गसंपत्ति म्हटली कीं जमीन, पाणी, जंगल, खनिजें अशी एक यादी आपण शाळेंत पाठ केलेली असते. आणि निसर्गानेंच ही यादी मोजून मापून आपल्या स्वाधीन केली आहे, अशी आपली समजूत होऊन बसते. वस्तुतः निसर्ग फक्त पदार्थ निर्माण करतो. त्या पदार्थाला संपत्तीचें रूप येतें तें मनुष्याच्या गरजेमुळें आणि त्याच्या विद्येमुळें. एरिख झिमरमान ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा विचार विस्तारानें मांडला, आणि तेव्हांपासून तो ह्या शास्त्राचा पाया मानला जातो. परंतु गरज आणि विद्या ह्या तर काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी आहेत. म्हणून निसर्गसंपत्तीची प्रतवारी हा जितका शास्त्राचा, तितकाच इतिहासाचा विषय आहे. आपल्या कोल्हापूर प्रांतांत अशी प्रतवारी कोणीं, केव्हां आणि कशासाठीं केली, ती कोठें बरोबर ठरली आणि कोठें फसली, हें आज आपण पाहूं.

अशा प्रतवारीचा आपल्या देशांतील एक फार जुना आणि व्यवस्थित नमुना कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो. म्हैसूरच्या श्यामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो अभ्यासकांच्या हातीं आला. त्यांत अरण्यांचे द्रव्यवन आणि हस्तिवन असे भेद सांगितले आहेत. ज्यांतून इमारती लाकूड, वेळू, वेल, साली, औषधी इत्यादि माल मिळावयाचा तें द्रव्यवन. आणि ज्यांत सैन्यासाठीं हत्ती राखावयाचे तें हस्तिवन. वनांतील मालावर कुप्याध्यक्ष, खाणींवर आकराध्यक्ष, शेतीवर सीताध्यक्ष असे निरनिराळे अधिकारी नेमावे, हत्ती मारणारास देहदंड द्यावा, अशी तेथें कडक व्यवस्था आहे. ही प्रतवारी सूक्ष्म आहे, परंतु तिची दृष्टि कोठारदाराची आहे. कोणता माल कोठून यावा आणि कोणत्या खात्यावर जमा व्हावा, ही तिची मुख्य चिंता. घेतलेला माल पुनः केव्हां उत्पन्न होईल, हा प्रश्न तीत पुढें येत नाहीं.

तो प्रश्न अगदीं स्पष्टपणें विचारलेला मला आढळतो तो आपल्याच प्रांतांतील एका लेखांत. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या वंशजांकडे गगनबावड्याची जहागीर कोल्हापूर राज्यांत पुढें चालत आली, त्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र हें तें होय. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या कारकीर्दींत, १७१५ सालीं तें लिहिलें गेलें. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याची कीर्ति आहेच. परंतु त्यांतील आरमाराचें आणि दुर्गांचें प्रकरण निसर्गसंपत्तीच्या अभ्यासकानेंहि लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे.

आरमारासाठीं मोठमोठीं लांकडें हवींत हें उघड आहे. त्यासाठीं राज्यांतील अरण्यांत सागवान आदिकरून जे वृक्ष असतील, ते परवानगीनें तोडून न्यावे, कमी पडेल तें परमुलखांतून खरेदी करावें, असें अमात्य सांगतात. आतां आंबा आणि फणस हींहि झाडें आरमाराच्या उपयोगाचीं आहेत. तरीसुद्धां त्यांस हात लावूं नये, अशी त्यांची ताकीद आहे. कां? तर हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून लेकरांप्रमाणें बहुत काळ जतन करून वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं, आणि प्रजेला पीडा देऊन केलेलें कार्य टिकत नाहीं. मात्र एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्यास राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषानें तें तोडावें.

येथें अमात्यांनीं काय केलें पहा. सागवान काय आणि आंबा काय, लांकूडच. कोठारदाराच्या वहींत दोन्ही एकाच सदरांत पडतील. अमात्यांनीं तीं दोन सदरांत घातलीं, आणि त्यासाठीं त्यांनीं तीन कसोट्या लावल्या: झाड पुनः उभें राहण्यास किती काळ लागतो, तें कोणाच्या श्रमानें उभें राहिलें, आणि त्याचा उपयोग अजून शिल्लक आहे कीं संपला.

पाण्याविषयींहि त्यांची दृष्टि अशीच सूक्ष्म आहे. किल्ला बांधण्यापूर्वीं तेथें पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें. नसेल आणि जागा तर बांधणें अवश्यच असेल, तर खडक फोडून तळीं-टाकीं बांधावीं, असें ते सांगतात. एवढ्यावर ते थांबत नाहींत. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. युद्धांत तोफांच्या आवाजानें झरे आटूं शकतात, आणि पाण्याचा खर्च तर त्याच वेळीं वाढतो. यासाठीं सांठ्याच्या पाण्याची निराळी तजवीज ठेवावी, आणि तें पाणी सहसा खर्चूं नये, असा त्यांचा कटाक्ष आहे. वाहतें पाणी आणि सांठविलेलें पाणी ह्या दोन निराळ्या दौलती आहेत, हा आजच्या शास्त्रांतील भेद येथें एका मुत्सद्द्यानें वेढ्याच्या अनुभवावरून ओळखलेला दिसतो.

ह्यानंतरची मोठी प्रतवारी जमिनीची. मराठी राज्यांत जमिनीच्या अव्वल, दूम, सीम अशा प्रती पूर्वींपासून होत्या. इंग्रजी अमदानींत १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघां अधिकाऱ्यांनीं नवी पाहणी सुरू केली. त्या अनुभवावरून तयार झालेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालानें मुंबई इलाख्यांतील पाहणीची रीत कायम झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोल्हापूर संस्थानांतहि त्याच धर्तीची पाहणी झाली. शेतांत ठिकठिकाणीं खणून मातीचा रंग, तिचा कण आणि तिची खोली पाहावयाची; काळी, तांबडी आणि बरड अशा तीन जाती मानावयाच्या; आणि नऊ प्रतींत तिची वांटणी करावयाची, अशी ही प्रतबंदी होती. पावणेदोन हात खोल, एकजिनसी, निर्दोष काळी जमीन ती सोळा आण्यांची. तेथून चौदा, बारा, दहा असें उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येई. जमिनींत चुनखडीचे खडे आहेत, वाळू मिसळली आहे, उतार आहे, पाणी तुंबतें, असा एकेक दोष आढळला कीं प्रत एकेक पायरी खालीं जाई. आजहि आपल्या बोलण्यांत 'सोळा आणे' म्हणजे पूर्ण खरें असा जो अर्थ आहे, त्याच हिशेबाची ही भाषा.

ह्या पाहणींतील परिश्रमाचें आणि काटेकोरपणाचें कौतुक केलेंच पाहिजे. परंतु ही प्रतबंदी सरकारच्या साऱ्यासाठीं होती, हें विसरतां कामा नये. सारा ज्यावर बसवितां येत नाहीं तें तिला दिसत नसे. खडक, ओढा, वाट असा जो भाग लागवडीस निरुपयोगी, त्याला 'पोटखराब' हें नांव देऊन तो आकारणींतून वगळीत. शब्द मोठा अन्वर्थक आहे. ओढा शेताला पाणी देवो, खडकाच्या कपारींतून झरा फुटो, वहींत त्यांची नोंद 'खराब' अशीच. आणि आपण आरंभीं पाहिलेला जांभ्याचा सडा तर ह्या दृष्टीनें जमिनींत जमाच नव्हता.

आतां त्या सड्याकडे पुनः वळूं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर सांचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर लक्षावधि वर्षें पावसानें आणि उन्हानें त्याला झिजविलें. त्यांतला चुना आणि वाळूचा अंश धुऊन गेला. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ह्यांचे गंज मात्र जागच्या जागीं उरले. तोच हा जांभा. फ्रान्सिस बुकानन ह्यानें मलबारांत लोक हा दगड विटांसारखा कापून घरें बांधतात असें पाहिलें, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्णनांत विटेच्या लॅटिन नांवावरून त्याला 'लॅटेराइट' हें शास्त्रीय नांव दिलें. म्हणजे शास्त्राच्या दप्तरांतहि ह्या दगडाची पहिली नोंद गवंड्याच्या उत्तरावरूनच झाली.

धावडाचें उत्तर त्याहून जुनें आहे. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड ह्या डोंगराळ भागांत जांभ्याबरोबर लोहाची माती वरच्या थरांतच सांपडे, आणि ती लांकडी कोळशावर भट्टींत गाळून लोखंड काढण्याचा धंदा एके काळीं येथें चांगला भरभराटलेला होता. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूरच्या गॅझेटिअरांत तो बसल्याची नोंद आहे, आणि कारणेंहि दिलीं आहेत: मजुरी वाढली, जळण महागलें आणि विलायतेहून स्वस्त लोखंड येऊं लागलें. ह्यांत लोहाची माती संपली, असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ती होती तेथेंच होती. तिला संपत्ति करणारें जंगलाचें जळण दुर्मिळ झालें, आणि आगबोटींनीं दूरच्या देशांतील खाणी आपल्या बंदरांशीं आणून भिडविल्या. त्याबरोबर भुदरगडची लोहमाती पुनः साधी माती झाली. एका दौलतीची किंमत दुसऱ्या दौलतीवर कशी अवलंबून असते, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

पुढें त्याच दगडाला दुसरा जन्म मिळाला तोहि असाच दूरच्या घडामोडींनीं. १८२१ सालीं बेर्तिए नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें फ्रान्सच्या दक्षिणेंतील ले बो गांवाजवळच्या तांबड्या मातींत अ‍ॅल्युमिनियमचा अंश फार असल्याचें दाखविलें. त्या गांवावरून तिला 'बॉक्साइट' नांव मिळालें. १८२५ सालीं ओर्स्टेड ह्यानें शुद्ध नसला तरी तो धातु प्रथम वेगळा केला. परंतु तो काढणें इतकें खर्चाचें होतें कीं, त्याची गणना चांदीच्या जोडीला होई. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकावर जें अ‍ॅल्युमिनियमचें टोक बसविलें, तें मौल्यवान वस्तु म्हणूनच. दोन वर्षांनीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू ह्या दोन तरुणांनीं परस्परांस नकळत विजेच्या साह्यानें तो स्वस्तांत काढण्याची युक्ति शोधली. ज्या सालीं आपल्या गॅझेटिअरानें जांभ्याच्या लोखंडाला निरोप दिला, त्याच सालीं त्या दगडाच्या दुसऱ्या भाग्याची तयारी समुद्रापलीकडे होत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत राधानगरी, शाहूवाडी, चंदगड ह्या तालुक्यांतील सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी सुरू झाल्या, आणि तेथील माल बेळगांवच्या कारखान्याकडे जाऊं लागला. पोटखराब म्हणून टाकलेल्या माळाला अशा रीतीनें भाव आला.

खनिजांच्या ह्या गोष्टीशेजारीं आतां पाण्याची गोष्ट ठेवूं. गगनबावड्यास वर्षाला दोनशें इंचांच्या घरांत पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला शिरोळास वीस-पंचवीस इंच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग-चिखलीजवळ पंचगंगा होते, आणि नरसोबाच्या वाडीस ती कृष्णेला मिळते. आषाढांत दोन्ही थडी भरून वाहणाऱ्या ह्या नद्यांचें पाणी चैत्रांत डोहांपुरतें उरावें, असा शेंकडों वर्षांचा क्रम होता. पाणी होतें; परंतु हवें तेव्हां नव्हतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या लागोपाठच्या दुष्काळांनीं ही उणीव राजर्षि शाहू महाराजांच्या मनावर बिंबविली. १८९४ सालीं गादीवर आलेल्या ह्या राजानें १९०२ सालीं संस्थानचें पाटबंधाऱ्याचें धोरण आंखलें, आणि त्या शतकाच्या पहिल्या दशकांतच भोगावतीवर मोठें धरण बांधण्याचें मनावर घेतलें. धरणाजवळ वसविलेल्या पेठेस त्यांनीं आपल्या कन्येचें, राधाबाईंचें नांव दिलें, तीच राधानगरी. पैशाच्या अडचणीनें काम मध्यें थांबलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले तेव्हां भिंत अपुरी होती. १९४९ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि त्यानंतरच्या दशकांत धरण पूर्ण झालें. आज त्यांत आठ अब्जांहून अधिक घनफूट पाणी मावतें. आणि तलाव भरला म्हणजे पाण्याच्या दाबानें आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे हें पावसाळ्यांत सर्व जिल्ह्याच्या कुतूहलाचें स्थान असतें.

धरणाच्या जोडीला नद्यांवर बंधारे आले. पात्रांत दगडी खांब उभारावयाचे, त्यांच्या खांचांत पावसाळा संपतांच फळ्या बसवावयाच्या, ज्यांस इकडे बरगे म्हणतात. आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला कीं त्या काढून घ्यावयाच्या. पूर येतो तेव्हां नदी मोकळी, आणि पूर ओसरल्यावर तिचें पात्र हाच तलाव. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा कोल्हापुरांतील पुष्कळांनीं पाहिला असेल. ही रीत इतकी सोयीची ठरली कीं महाराष्ट्रभर तिला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असेंच म्हणतात. अमात्यांनीं गडावरील टांक्याविषयीं जें सांगितलें होतें, तेंच येथें सबंध नदीच्या बाबतींत घडलें: वाहून जाणाऱ्या पाण्याचा सांठा झाला, आणि जें पाणी केवळ ऋतूचें होतें तें वर्षाचें झालें. त्या पाण्यावर ऊंस आला, गुऱ्हाळें आलीं, पुढें साखर कारखाने आले. रस काढून उरलेलीं चिपाडें चुलाण्यांत जळूं लागलीं. कारखान्यांत त्यांवर आज वीज होते. कालचा केर आजचें इंधन झाला.

एवढा इतिहास पाहिल्यावर आजचें शास्त्र निसर्गसंपत्तीची जी विभागणी करतें ती समजण्यास अडचण पडणार नाहीं. शास्त्र पांच प्रश्न विचारतें. पहिला, उत्पत्ति कशापासून? गवा, साग, ऊंस हे सजीव सृष्टींतले. जांभा, पाणी, वारा हे निर्जीव. दुसरा, ती आढळते कोठें? हवा सर्वत्र, बॉक्साइट विवक्षित सड्यांवरच. तिसरा, ती वापराच्या कोणत्या अवस्थेंत आहे? ठाऊक असून न वापरलेली, मोजून वापरांत आणलेली, कीं पुढच्यासाठीं राखून ठेविलेली? शाहू महाराजांपूर्वीं भोगावतीचें पावसाळी पाणी पहिल्या अवस्थेंत होतें, आज तें दुसऱ्या अवस्थेंत आहे. चौथा, ती कोणाची? शेत खातेदाराचें, गायरान गांवाचें, राखीव वन सरकारचें, आणि समुद्राचा खोल भाग कोणा एका राष्ट्राचा नव्हे.

पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: वापरल्यावर ती भरून येते कीं नाहीं? ऊन आणि वारा कितीहि वापरले तरी कमी होत नाहींत. ती अक्षय संपत्ति. कोळसा, खनिज तेल, बॉक्साइट एकदां काढलें कीं मनुष्याच्या हिशेबांत कायमचें गेलें. ती क्षय्य संपत्ति. ह्या दोहोंच्या मध्यें पाणी, माती, जंगल, मासे, गवत अशी एक मोठी कोटि आहे. ती भरून येते, परंतु एका अटीवर: घेण्याचा वेग भरण्याच्या वेगाहून अधिक असतां कामा नये. अट मोडली कीं ती क्षय्य संपत्तीच्या रांगेंत जाऊन बसते, आणि वहींत मात्र तिचें नांव जुन्याच सदरांत राहतें. पुष्कळशी फसगत ह्या मधल्या कोटींतच होते.

तिचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. शिरोळ तालुक्यांतील कृष्णा-पंचगंगेच्या कांठची जमीन ही जुन्या प्रतबंदीनें वरच्या मोलाची. खोल, काळी, कसदार. पाऊस कमी, म्हणून तिला नदीचें पाणी दिलें. पाणी मिळालें म्हणून ऊंस लावला. आणि ऊंसाला पाणी जितकें द्यावें तितकें चांगलें, अशा समजुतीनें वर्षानुवर्षें तें दिलें गेलें. भारी काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. भूगर्भांतील पाणी हळूहळू वर आलें, आपल्याबरोबर विरघळलेले क्षार घेऊन आलें, आणि उन्हानें पाणी उडून गेल्यावर क्षार तेवढे वर राहिले. आज त्या भागांत कांहीं शेतांवर पांढरट पापुद्रा दिसतो आणि पीक उगवत नाहीं. शेतकरी अशा जमिनीला क्षारपड म्हणतात. जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून खारें पाणी काढून देणें, पाणी मोजून अथवा ठिबकानें देणें, पिकांचा फेरपालट करणें, ह्या उपायांनीं ती सुधारते हें सिद्ध झालें आहे. परंतु त्याला पैसा लागतो, वर्षें लागतात, आणि एकट्याच्या शेतापुरतें तें करून भागत नाहीं. पाण्याला बांध ठाऊक नसतो. येथें माती चोरीस गेली नाहीं, पाणीहि आटलें नाहीं. दोन चांगल्या दौलतींचा मेळ चुकला, आणि सोळा आण्यांची जमीन दोन आण्यांवर आली.

ह्याच्या उलट दाजीपूरच्या रानाची कथा. संस्थानी काळांत हें राजघराण्याचें राखीव शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तें गव्यांसाठीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. १९८५ सालीं त्याचा विस्तार होऊन साडेतीनशें चौरस किलोमीटरांचें राधानगरी अभयारण्य झालें. आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर वनांबरोबर त्याची जागतिक वारशांत गणना झाली. रान तेंच, पहिल्यानें त्याची किंमत शिकारीची, मग गव्याची, आणि आतां सबंध सृष्टीची. ह्या रानाच्या उतारांवरचें पाणीच राधानगरीच्या तलावांत उतरतें. झाडांनीं धरलेली माती धरणांत जात नाहीं, म्हणून धरण गाळानें लवकर भरत नाहीं. जंगल आणि तलाव हीं वहींत दोन सदरें असलीं, तरी डोंगरावर तीं एकच आहेत.

जांभ्याच्या सड्यालाहि हाच न्याय लावावा लागतो. सच्छिद्र असल्यानें तो पावसाचें पाणी पोटांत घेतो, आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपानें तें सावकाश सोडतो. शेतकरी, गवंडी, धावड, रसायनशास्त्रज्ञ ह्यांच्या उत्तरांत जें आलें नव्हतें, तें हें पांचवें उत्तर. आणि तें सड्याखालच्या वाडींतली घागर घेऊन झऱ्यावर जाणारी बाईच देऊं शकते. अ‍ॅल्युमिनियम आपल्याला नको असें म्हणण्याचा अधिकार, घरांतील भांड्यांपासून विजेच्या तारांपर्यंत तो वापरणाऱ्या आपणांपैकीं कोणासहि नाहीं. परंतु सडा खणतांना जमेच्या बाजूस धातु मांडावयाचा आणि खर्चाच्या बाजूस झरा मांडावयाचाच नाहीं, हा हिशेब पुरा नव्हे.

पाण्यानेंहि आपणांस अशीच आठवण करून दिली आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पावसाळ्यांत पंचगंगेनें कोल्हापूर आणि शिरोळ भागांत जो हाहाकार केला, तो तुमच्यापैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष सोसला आहे. ज्या पाण्यासाठीं चैत्रांत आपण आभाळाकडे पाहतों, तेंच श्रावणांत घरांत शिरलें. तेव्हां पाणी ही संपत्ति, हें वाक्यसुद्धां ऋतु आणि स्थळ सांगितल्यावांचून पुरें होत नाहीं.

श्रोतेहो, प्रतवारी ही शास्त्रज्ञांची आणि सरकारची गोष्ट, आपला तिच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणूं नये. गांवच्या सभेंत गायरान कोणास द्यावें, ओढ्याकांठची झाडें तोडावीं कीं ठेवावीं, विहीर आणखी खोल न्यावी कीं काय, अशा प्रश्नांवर जेव्हां हात वर होतात, तेव्हां प्रत्येक हात एकेक प्रतवारीच करीत असतो. अशा वेळीं अमात्यांच्या तीन कसोट्या आठवाव्या. ही वस्तु पुनः उभी राहण्यास किती काळ लागेल? ती कोणाच्या श्रमानें आणि कोणाच्या जिवावर उभी आहे? आणि तिचा उपयोग खरोखर संपला आहे काय? तीनशें वर्षांपूर्वीं, आरमाराला लांकडाची निकड असतांना आणि शत्रु दारांत असतांना, आपल्या राज्यकर्त्यांना रयतेच्या आंब्या-फणसासाठीं हे प्रश्न विचारण्यास सवड झाली होती. पुढच्या खेपेस सभेंत हात वर करण्यापूर्वीं ते विचारण्यास आपल्यालाहि ती काढतां येईल.